शिकाऱ्याचे उसूल आणि मी

अखजीच्या सणाच्या जेवणात, भरल्या ताटांवर, आमच्या विहीणबाईंना डोळ्यांनी दिसत नाही हे मी सगळ्यांना मोठ्याने सांगितलं आणि वर स्वतःच हसले. या गोष्टीला आठ वर्षं झाली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे तशी पोरसवदाच. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला सगळं कळतं. आता सत्तरीला टेकल्यावर त्या एकसष्टीच्या बाईकडे वळून बघते, तर तिचे कान पिळावेसे वाटतात.

भांडणाचं मूळ आमची नात. नात एक आणि आज्या दोन. गाव एकच, मी शनवाऱ्यात, सुनेची आई सिंधीपुऱ्यात. मी ‘आजी’, ती ‘नानी’. सहा दिवस पोरीच्या वेण्या मी घालायची, डबा मी भरायची, गुडघा फुटला की हळद मी दाबायची. आणि रविवारी शेवटचा घास गिळला की ती चपला घालून नानीकडे पळायची. संध्याकाळी परत आली की तोंडात नानी, नानी आणि नानी.

विहीणबाई शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या. मला वाटायचं, पोरीकडून पाढे घेत असतील. कसचे पाढे! दोघी मिळून हाणामारीचे इंग्रजी सिनेमे बघायच्या, हिंदीत बोलणारे. त्यांचा सगळ्यात लाडका होता एक परग्रहावरून आलेला शिकारी. तोंडावर मुखवटा, अंगाने ताडमाड, आणि मनात आलं की हवेत विरघळून जाणार. माणसं मारायची आणि त्यांच्या कवट्या घरी नेऊन भिंतीवर मांडायच्या, हा त्याचा शौक.

“कसला राक्षस आहे मेला!” मी म्हटलं.

“राक्षस नाही आजी, शिकारी आहे. त्याचे उसूल आहेत,” दहा वर्षांची ती मला समजावू लागली. “ज्याच्या हातात हत्यार नाही त्याला तो हात नाही लावत. बीमार असेल, पोटात बाळ असेल, तर सोडून देतो. त्याला बराबरीचा पाहिजे. आणि कोणी बहादुरीने लढलं ना, तर तो स्वतःहून मुखवटा काढतो.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“नानीने समजावलं.”

झोंबलं मला. मी तिला तीन वर्षं शुभंकरोती शिकवत होते, ती दुसऱ्या ओळीवर अडायची. आणि त्या मेल्याचे उसूल तिला तोंडपाठ!

मग मी कंबर कसली. मुलाच्या मागे लागून भिंतीएवढा टीव्ही आणवला. रविवारी गरम मावा जलेबी मागवली आणि म्हटलं, चल, आज तुझा तो शिकारी माझ्याबरोबर बघ. बसली बिचारी. दहा मिनिटांनी मी विचारलं, “कुठे गेला गं तो?”

“आजी, तो अदृश्य झालाय.”

“मग आपण बघतोय काय, झाडं?”

पोरीने उरलेली जलेबी तोंडात कोंबली, बोटं माझ्याच पदराला पुसली आणि सिंधीपुऱ्याला गेली.

पुढच्या रविवारी मी हातात दराब्याच्या मिठाईचा डबा घेऊन न कळवता विहीणबाईंच्या दारात उभी राहिले. काय जादू करते ही बाई, बघू तरी. दार लोटलेलं होतं. विहीणबाई वेताच्या खुर्चीत, पोर पायाशी, आणि पोरीची टकळी चालू. “नानी, आता तो झाडावर चढला. आता त्याला सगळं लाल-पिवळं दिसतंय.” मी जळून कोळसा झाले. माझ्याशी बोलताना ‘हो’ आणि ‘नाही’च्या पुढे न जाणारी ही पोर तिथे धबधब्यासारखी बोलत होती.

मला बघून पोर उठली, पाणी आणायला आत गेली. मी खाट धरून बसले. तेवढ्यात तो जुना डबा टीव्ही खर्रर्र करून काळा पडला. चित्र गेलं, आवाज तेवढा चालू राहिला. विहीणबाई मात्र त्या काळ्या काचेकडे बघत हसून म्हणाल्या, “बघा हं विहीणबाई, आता येईल तो पाण्यातून वर.”

मी त्यांच्याकडे बघितलं, काचेकडे बघितलं. पुन्हा त्यांच्याकडे.

पोर पाणी घेऊन आली. तिने टीव्हीच्या कडेला दोन चापट्या हाणल्या, चित्र परत आलं, आणि माझ्याकडे बघून तिने हळूच मान हलवली. नको. सांगू नको.

आता इथे एखाद्या शहाण्या बाईला रडू आलं असतं. मला काय झालं सांगू? आनंद! आठ दिवस मी तो आनंद तोंडात लवंग धरावी तसा धरून हिंडले. पोर बडबडते ती लाडाने नव्हे तर! ती नानीचे डोळे झालीय. ‘म्हणजे मला काही कमी नाही,’ एकसष्टीची ती बाई स्वतःला सांगत होती, ‘मला दिसतं, एवढाच माझा दोष.’

अखजी आली. अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे आंब्याचा रस आणि खापरावरचे मांडे. विहीणबाई आल्या होत्या, त्यांचा मुलगाही इंदूरहून आला होता. जेवताना तो सगळ्यांना सांगू लागला, “आईची मला काही फिकर नाही. या वयात एकटी राहते, नातीबरोबर सिनेमे बघते.” सून म्हणाली, “आमची लेक तर म्हणते, नानीसारखं कोणी नाहीच.” पोर नानीच्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिने रसाची वाटी नानीच्या हातात दिली, नानीची बोटं वाटीच्या काठावर नीट बसवली. ती चार बोटं बघितली आणि माझ्या तोंडातली लवंग फुटली.

“अहो, सिनेमा कसला बघतात! टीव्हीचं चित्र गेलं तरी या काळ्या काचेकडे बघत बसतात. विचारा यांना, काही दिसतं का!”

मी हसले. वाटलं, सगळे हसतील.

विहीणबाईंच्या मुलाने घास खाली ठेवला. “आई, मी आज कोणत्या रंगाचा शर्ट घातलाय?”

“तुझा नेहमीचा निळा,” विहीणबाई म्हणाल्या.

तो पिवळ्या शर्टात बसला होता.

विहीणबाईंनी वाटी जपून खाली ठेवली, जागा चाचपून. म्हणाल्या, “जेवून घ्या सगळे. मांडे वातड होतील.”

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलेलं. उरलीसुरली राहावी म्हणून त्या गुपचूप थेंब घालत होत्या. ते घर त्यांना हाताने पाठ होतं, तिथेच राहायचं होतं, म्हणून बोलल्या नव्हत्या. महिन्याभरात मुलगा त्यांना इंदूरला घेऊन गेला. घर रिकामं करताना वेताची खुर्ची आमच्याकडे आली. शिकाऱ्याने कवटी मांडावी तशी ती आमच्या बैठकीत मांडली गेली. पोर तिच्यावर कधी बसली नाही.

त्या अखजीला ताटं उचलताना पोर माझ्याजवळ आली होती. “आजी, नानीच्या हातात काय होतं?”

“काय होतं?”

“रसाची वाटी होती,” एवढंच म्हणाली आणि गेली.

मग सगळे रविवार माझे झाले. भिंतीएवढा टीव्ही, जलेबी, आणि माझ्या शेजारी मुकाट बसलेली पोर. एकदा मी लाडाने विचारलं, “आता काय करतोय गं तो?” तर म्हणाली, “तुला दिसतंय ना. बघ.”

आणि माझ्या अकलेची कमाल ऐका. मी विहीणबाईंना इंदूरला पाठवलं, आणि आता कॉलेजसाठी पोर कुठे गेली? इंदूरला, मामाकडे. नानीच्याच खोलीत झोपते! मी जिंकलेले रविवारही गेले, आणि तिकडे त्यांना सोमवार ते शनिवार फुकटात मिळाले.

परवा फोन केला तर पोरीने सांगितलं, शिकाऱ्याचा नवा सिनेमा आलाय, नानीबरोबर बघतेय. मी म्हटलं, दे नानीला. आधी मी गुडघ्याचं रडगाणं गायलं, मग उन्हाचं. मग आठ वर्षं अडकलेलं एकदाचं बाहेर आलं, “विहीणबाई, त्या अखजीला मी चुकले हो. तुमच्या हातात हत्यार नव्हतं, आणि मी वार केला.”

पलीकडे सिनेमाच्या धडाडधूम आवाजातून त्या हसल्या.

“चुकलात ते चुकलातच. आता शनिवारची बस पकडा आणि या. तुमची नात अर्ध्या सिनेमात मोबाइल काढून बसते, पुढचं सांगायचंच विसरते, अन् तुमच्यासारखं डोळ्यांत तेल घालून बघणारं इथे दुसरं कोणी नाही.”