चालण्यापुरती घोडी

आमच्या भागात घोडी ठेवतात ती बैलगाड्यापुढे पळायला. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, गाडा सुटला की बैलांच्या पुढे एक घोडी काढतात. तिच्यावर स्वार असतो आणि बैल तिच्यावर नजर ठेवून सरळ पळतात. घोडी बाजूला झाली तर बैल बिथरतात आणि बारी, म्हणजे ती धाव, वाया जाते. शर्यतींवरची बंदी उठल्यावर माझ्या काकाने घोडी घेतली ती यासाठीच. माझ्यासाठी मुळीच नव्हे.

मी तेव्हा कॉलेजात होते. त्याआधीची शाळा इंग्रजी, तीही निगडीकडची, रोज बसने. शाळेतल्या मुली मला गावाकडची समजत आणि आमच्या महाळुंग्यातल्या मुली मला शहाणी समजत, त्यामुळे गप्प राहण्याची सवय दोन्हीकडून लागली. घोडीवर बसायला मी शिकले ते शर्यतीहून आल्यावर तिला फिरवून थंड करता करता. घरामागे, एका कंपनीची कंपाउंड भिंत आणि ओढा यांच्यामध्ये, आमची एक लांबट पट्टी उरली आहे. बाकीची जमीन केव्हाच पत्र्याच्या शेडखाली गेली. त्या पट्टीवर रविवारी काका मला घोडी पळवू द्यायचा. भिंतीपलीकडे फोर्कलिफ्ट पीं पीं करत मागे यायची आणि अलीकडे मी सुसाट. दिवसभर जपून बोलणाऱ्या मुलीला एवढा वेग मिळतो हे कुणालाच फारसं ठाऊक नव्हतं, आणि मलाही ते सांगायचं नव्हतं.

मग एका दुसऱ्या गावच्या घाटात तिच्या पुढच्या उजव्या पायाची शीर, म्हणजे कंडरा, फाटली. पुण्याहून डॉक्टर आले. पेंडीच्या पालथ्या घमेल्यावर मशीन ठेवून त्यांनी सोनोग्राफी केली. त्या वेळी काका चहा सांगायला आत गेला होता, म्हणून ते माझ्याशी बोलले.

"आधी नुसती विश्रांती. मग चालवा. हलकं कुणीतरी बसलं तरी चालेल. पुढे जमलं तर मऊ जमिनीवर थोडी दुडकी. पळवायची मात्र नाही."

"किती दिवस?"

"दिवस कसले? आता कायमचंच."

काका बाहेर आला आणि त्याने विचारलं, काय म्हणतायत साहेब? मी म्हटलं, हलकंच काम द्यायचं म्हणतायत. 'कायमचं' हे मी गिळलं. डॉक्टर हात धूत होते, त्यांच्या ते लक्षात आलं नाही. गाड्यापुढे कधीच न पळणारी घोडी काकाने पुढच्या बाजारापर्यंतही ठेवली नसती, हे मला माहीत होतं. मी खोटं बोलले नाही, अशी माझी समजूत मी तेव्हाच घालून घेतली.

पुढची दोन वर्षं मी तिला चालवलं.

अधू घोडा असेल तर आपली उमेद कशी टिकवायची, यावर परदेशातल्या बायकांनी इंटरनेटवर पुष्कळ लिहून ठेवलंय. छोटी छोटी ध्येयं ठेवा. रोजची नोंद ठेवा. घोड्याशी नातं घट्ट करायची ही संधी समजा. त्या बायकांकडे वाळूचं रिंगण होतं, वर छप्पर होतं, शिकवायला माणूस होता. माझ्याकडे ओढ्याकाठची पट्टी होती आणि नुकतीच नोकरी लागलेल्या आकुर्डीच्या ऑफिसला निघण्याआधीचा पाऊण तास. तरी मी त्यांचं सगळं ऐकलं. बोअरच्या कामातून उरलेले चार पाइप दोन-दोन हात अंतराने मांडून तिला त्यावरून पाय उचलत न्यायला शिकवलं. नुसतं अंग मागे झुकवलं की थांबायचं, तीन पावलं सरळ मागे जायचं, बाभळीला दोन्ही बाजूंनी वळसा घालायचा. वहीही केली. तिच्यात पहिले काही महिने बहुतेक पानांवर एकच वाक्य आहे: आज चाललो.

खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा यायचा. नातं घट्ट होतंय असं काही जाणवत नव्हतं. पट्टीचं दुसरं टोक आलं की आम्ही पूर्वी तिथून वळून सुटायचो, ते तिच्या अंगात राहिलं होतं. तिथे पोचलं की तिची पाठ माझ्याखाली गोळा व्हायची, कान पुढे व्हायचे. मी लगाम आवळून तिला नाही म्हणायचे. ती ऐकायची. रोज नाही म्हणायचं आणि रोज तिने ऐकायचं, यात गोड काही नव्हतं. मग मी उठायचे कशासाठी? बऱ्याचदा रागाने. ओट्यावर चहाला बसणाऱ्या काकाच्या मित्रांना मी एक दिवससुद्धा दांडी मारलेली दिसू नये म्हणून.

ते रोज बघत आणि रोज बोलत.

"घोडी पळायला असती राव. फिरायला लोक कुत्रं पाळत्यात."

"आरं, इंग्लिश मीडियमला घातलीय तिला. हळू चालायचं, हळू बोलायचं."

"दोघी एकाच वर्गात हायेत म्हना की!"

मी ऐकू न आल्यासारखं करायचे. काका हसायचा, पण मला थांबवायचा नाही. औषध चालू आहे असं तो समजत होता. पथ्य संपलं की माणूस उठतो, तशी घोडीही उठेल. मी चालवते आहे ती तिला घाटासाठी तयार करायला, हे त्याच्या मनात इतकं सरळ होतं की त्याने ते कधी बोलूनही दाखवलं नाही. आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी घोडी भरली. रोजच्या चालण्याने, पाइप ओलांडण्याने तिच्या पुठ्ठ्यावर मांस चढलं, मान कमानदार झाली, अंगावर तकाकी आली. दुडकी चाल एकसारखी पडू लागली. वहीत मी लांब वाक्यं लिहू लागले. एका सकाळी मी पाइपांवरून दुडकत नेताना ओट्यावरचं बोलणं थांबलं, आणि त्यांच्यातला सर्वांत खवचट माणूस म्हणाला, "न्हाई राव, पोरीनं घोडी बनवली." त्या दिवशी मी ऑफिसात उगीचच खूश होते. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

चैत्रात आमच्या गावची यात्रा असते. काकाचे बैल त्या वर्षी शेजारच्या गावातल्या एकाच्या घोडीमागे पळणार होते, तसं ठरलं होतं. यात्रेच्या सकाळी त्या माणसाचा फोन आला की रात्रीपासून घोडीचं पोट दुखतंय, ती उभीच राहत नाही. मी नेहमीसारखी घोडीला बाहेर काढायला गेले तर गोठ्यासमोर दहा-पंधरा माणसं होती. धुतलेले बैल, शिंगांना रंग, आणि आमच्या घोडीच्या तोंडात शर्यतीचा लगाम.

"काका, हिला नको."

"का गं? लंगडती का?"

"नाही."

"काल लंगडली व्हती?"

"नाही. पण डॉक्टरांनी हलकंच काम सांगितलंय."

"व्हय, सांगितलंय. दोन वरीस दिलं न्हाई का हलकं काम? आमी मधी येका शबदानं बोललो का तुला?" तो चिडला नव्हता. उलट कौतुकाने बोलत होता. "आता झाली ना बरी. तूच तर केलीस. आख्ख्या गावाला सांगतोय मी."

"अहो ताई, एकच बारी," स्वार म्हणाला. "दहा-बारा सेकंदांचा मामला. तुमच्या हापिसातली लिफ्ट यापेक्षा जास्त टाइम खाती."

सगळे हसले. मीही थोडं हसले, हे मला अजून आठवतं. कायमचं, एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण तो बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कधीपासून माहीत होतं? पंधरा माणसांसमोर मला त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. घोडी विकली गेली असती ती वेगळीच. मी हिशेब केला की शीर भरली आहे, डॉक्टर जपूनच सांगतात, दहा-बारा सेकंद तर आहेत. हे सगळं मला तेवढ्या वेळात सुचलं. आणि मी बाजूला झाले.

मी घाटावर गेले. टेम्पोच्या आडोशाला उभी राहिले. आमच्या गाड्याचा पुकारा झाला, झेंडा पडला, आणि ती सुटली. ती फार सुंदर पळाली. दोन वर्षं पट्टीच्या टोकाला मी जे आवळून धरलं होतं ते सगळं तिने एका दमात सोडलं. पुठ्ठ्यातलं जे मांस मी पाइप ओलांडून ओलांडून चढवलं होतं ते काम करताना मला लांबूनही दिसत होतं. बैल तिच्या मागे ओढल्यासारखे आले. भोंग्यावरचा माणूस ओरडत होता, "काय घोडी, काय घोडी, अरे ही कुठं लपवली होती दोन वर्षं!" वर पोचेपर्यंत भंडारा उधळला गेला होता. लोक काकाला खांद्यावर घेत होते. स्वार उतरला, घोडी पाचसहा पावलं चालली, थांबली, आणि तिने पुढचा उजवा पाय उचलून धरला. तो तिने परत टेकवला नाही.

गर्दीत ते सगळ्यांत आधी मला दिसलं, कारण बाकी कुणी खाली बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच डॉक्टर आले. या वेळी काका जागचा हलला नाही. मशीनवर बराच वेळ बघून डॉक्टर म्हणाले की शीर आता जोडण्यासारखी राहिलेली नाही, सूज उतरेल, गोठ्यापासून हौदापर्यंत जाईल, पण हिच्यावर यापुढे लहान मूलसुद्धा बसवू नका. मग वैतागून म्हणाले, "पळवायची नाही, कायमचंच नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं की." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

काका डॉक्टरांना गाडीपर्यंत सोडून परत आला आणि घोडीच्या पायाशी बसला.

"तुला म्हनले व्हते?"

"हो."

"तवाच?"

"हो."

"आन काल सकाळी? तवा बी तोंडातनं काढलं न्हाईस?"

तो तिच्या पायावरच्या बँडेजचं टोक नीट खोचत बसला.

"मला सांगितलं आसतंस तर मी न्हाई पळवली तिला. येवढा हैवान न्हाई मी."

"सांगितलं असतं तर विकली असतीस."

"व्हय," तो म्हणाला. "विकली आसती. कुनाच्या तरी दारात चार पायांवर उबी आसती."

मी तिला वाचवत होते की स्वतःसाठी ठेवून घेत होते, हे दोन वर्षांच्या वहीत कुठे लिहिलेलं नाही. ती वही पुन्हा चाळून पाहिली, म्हणून सांगते. तिच्यात घोडी किती पावलं मागे गेली ते आहे.

घरात हे कुणाला कळलं नाही. काकाने सांगितलं नाही. ओट्यावर तो म्हणतो की नशीब, दुसरं काय, तिचीच पळायची हौस होती. माझ्यावर त्याने पांघरूण घातलं याबद्दल मी त्याचे आभार मानायला हवेत, पण ते पांघरूण मला नको होतं. त्याने ओरडायला हवं होतं. तो घरात माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त नीट बोलतो.

दिवाळीनंतर त्याने दुसरी घोडी आणली, काळी, कोवळी. "हिच्यावर बस की," तो एकदा म्हणाला. "ही धडधाकट हाय." मी नाही म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही.

जुनी घोडी अजून आमच्याकडेच आहे, तिला घेणार कोण? मी पूर्वीच्याच वेळेला उठते, तिला दाव्याने धरून हौदापर्यंत नेते आणि आणते. त्याला दहा मिनिटं लागतात. उरलेला वेळ मी खरारा करत राहते. आता तिला चकाकती ठेवण्यात कसलाच अर्थ नाही, तरी करते. शर्यतीच्या दिवशी काळी घोडी टेम्पोत चढवतात तेव्हा ही तीन पायांवर भार देऊन दाव्याच्या टोकापर्यंत येते. कान पुढे, पाठ गोळा केलेली. मी तिची मोहरकी धरून उभी राहते. टेम्पो चाकण रोडला लागतो, शिफ्टच्या बसगाड्यांत त्याचा आवाज मिसळून जातो, तरी ती बराच वेळ तिकडेच बघत असते, आणि तिला आत वळवायचं मला धाडस होत नाही.