आत्तींचा उपवास

लेंटचे दिवस नेमके मार्चमध्येच का येतात, हे मला देवाला एकदा विचारायचंय. शाळेत वार्षिक परीक्षा, घरात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, धारवाडचं ऊन तापायला लागलेलं, आणि त्यात चाळीस दिवसांचा उपवासकाळ. एरवीच माझा जीव मेटाकुटीला आलेला असतो. तरी लेंटचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, आला की मला हुरूप येतोच. मागच्या वर्षी तर जरा जास्तच आला.

आमचं चर्च कन्नड, पण घरची प्रार्थना मराठीत. रात्रीच्या जेवणाआधी आम्ही पाच जण बसतो. मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्ती म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. प्रार्थना म्हणजे इतकी वर्षं एक स्तोत्र, एक गीत आणि मुलाच्या जांभया. नवरा हुबळीहून बसनं उभा राहून आलेला, त्याचेही डोळे मिटलेलेच, पण भक्तीनं नव्हे. म्हटलं, यंदा मुलांना हातानं काहीतरी करायला द्यावं.

म्हणून आम्ही प्रभूला क्रुसावर घातला होता तसा काट्यांचा मुकुट केला. रायापूरला रिकाम्या प्लॉटवर बाभळी आहेत, तिथून रविवारी काटे आणले. मुलगा रडला, कारण पहिला काटा त्याच्याच बोटात गेला. मुकुटासाठी मी जोंधळ्याचं पीठ मळलं. घरात तेच भरपूर होतं. वळायला गेले की तुटायचं, तुटलेलं जोडायला गेले की चिरायचं. आत्ती खाटेवरून बघत होत्या. "अगं, जोंधळ्याचा कधी मुकुट होतो का? भाकरी थाप आणि गप बस," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. शेवटी गव्हाच्या पिठात मीठ घालून मुकुट जमला. मुलांनी त्यात काटे खोचले.

नियम मी केला. प्रत्येकानं लेंटमध्ये काहीतरी सोडायचं, पण असं, की त्यानं घरातल्या कुणाचं तरी ओझं हलकं होईल. नुसतं गोड सोडून उपयोग नाही. आणि काय सोडलं ते सांगायचं नाही, उपवासाचा गवगवा करू नये असं प्रभूनंच सांगितलंय. दिवसभर पाळलं तर प्रार्थनेच्या वेळी मुकुटातला एक काटा काढायचा. ईस्टरपर्यंत मुकुट मोकळा झाला पाहिजे. मला माझाच अभिमान वाटला. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून संडे स्कूलमध्येही हे सुरू करावं, इथपर्यंत माझी गाडी गेली.

मुलानं पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मी मोबाइल सोडलाय, पण मी कुणाला सांगणार नाही." मुलीचं तोंड घट्ट. नवऱ्यानं काय सोडलं ते मला अजून कळलेलं नाही, बहुधा काहीच नाही. मी चिडणं सोडलं होतं. त्यामुळं माझे काटे मुकुटातच राहायचे. आत्ती मात्र रोज काढायच्या. हात थरथरायचा, मुलगा त्यांचं बोट धरून काट्यावर ठेवायचा, आणि त्या काटा उपसून मांडीवर ठेवायच्या. एक दिवस चुकला नाही.

आता आत्तींचं सांगते. त्यांचे गुडघे गेलेत. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण खाटेवरून उठायचं तर माणूस लागतं. सकाळी नवरा असतो, दुपारी शेजारच्या अक्का येऊन जातात, आणि साडेचारला मी शाळेतून आले की पुढचं सगळं माझ्याकडं. मी पिशवी टेकायची, चहा गाळायचा, पहिला घोट घ्यायचा, आणि आतून हाक यायची, "अगं ए, नेतेस का?" कप तसाच ठेवून जायचं. त्यांना उभं करायचं, भिंतीच्या कडेकडेनं संडासापर्यंत न्यायचं, परत आणायचं. कंबर मोडून जायची. परत येईतो चहाचं थंड पाणी. पोळ्या करताना एकदा, प्रार्थनेआधी एकदा, निजताना एकदा. मी तोंडानं काही म्हणत नव्हते. पण माझा सुस्कारा काही लपत नसणार.

लेंट सुरू होऊन दोनच दिवस झाले असतील. एक दिवस लक्षात आलं, मी आख्खा चहा गरम प्यायले. दुसऱ्या दिवशीही. संध्याकाळच्या हाका बंदच झाल्या. निजताना एकदा नेलं की झालं. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, देव पावला! उत्तरपत्रिका वेळेत व्हायला लागल्या, मुलांवरचं ओरडणं कमी झालं, मी दोन-तीन काटेही काढले. एका संध्याकाळी प्रार्थनेत मी मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, तू माझा थकवा पाहिलास, मला विसावा दिलास, तुझे उपकार." आत्ती इतक्या जोरात "आमेन" म्हणाल्या की मुलगा दचकला. मग मी रोजच आभार मानायला लागले. त्याही रोज आमेन म्हणायच्या. चेहरा कसा उजळलेला असायचा.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आलो तर आत्ती मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाका मारत होत्या. ती बहीण जाऊन किती वर्षं झाली! अंग तापानं फणफणलेलं, ओठ सुकलेले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मुलगी माझ्याबरोबरच होती. डॉक्टरांनी तपासलं, लघवीत जंतू झालेत, अंगातलं पाणी आटलंय म्हणाले. "पाणी पितात ना?"

"पितात की, भरपूर," मी म्हणाले. "रोज बाटली रिकामी होते."

मुलगी खाली बघून म्हणाली, "मम्मी, दुपारनंतर अज्जी पाणी पीत नाही. बाटली मला कढीपत्त्याला ओतायला सांगते. गुपित आहे म्हणाली. तूच म्हणालीस ना, कुणी काय सोडलं ते सांगायचं नाही?"

तिनं नियम पाळला होता. मी तिथल्या बाकावर बसले आणि तिला जवळ घेतलं.

सलाईन लागलं, ताप उतरला, दोन दिवसांनी आत्तींना घरी आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, संध्याकाळीही पाणी गेलंच पाहिजे, नाहीतर या वयात परत उठवणं अवघड. पण आत्ती हटून बसल्या. पाण्याचा पेला पुढं केला की "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणून हातानं लोटायच्या. ईस्टरला चारच दिवस राहिलेत, देवापाशी बोललेलं मोडणार नाही. नवऱ्यानं विनवलं. पाळकसाहेब येऊन समजावून गेले, आजाऱ्याला उपवास माफ असतो म्हणाले. आत्तींनी त्यांना विचारलं, "साहेब, तुम्हाला संडासला कोण नेतं?" ते बिचारे चहा न घेताच उठले.

त्या संध्याकाळी माझा तोल गेला. "आत्ती, देवानं मागितलाय का हा असला उपवास?" मी ओरडलेच. मुलं दारात उभी होती.

"देवानं कुठं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तू मागितलास. रोज आभार मानत होतीस की. मी ऐकत होते."

त्यांच्या खाटेवरच बसले आणि मला रडू फुटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हाडांचा नुसता सापळा तो हात.

"तू दमतेस गं," म्हणाल्या. "मला दिसतं. दुसरं काय होतं माझ्याकडं सोडायला?"

दमत नाही, असं म्हणायला हवं होतं. चांगल्या सुना म्हणत असतील. मला खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. "दमते आत्ती. फार दमते. रोज वैतागते. उद्याही वैतागेन. तरी तुम्ही हाक मारा. मी आदळआपट केली तरी मारा."

त्यांनी पेला घेतला. अर्धा प्यायल्या, "साकु" म्हणाल्या, मी नाही म्हणून मान हलवली, तेव्हा उरलेला प्यायल्या. मुकुट तिथंच कपाटावर होता, पण त्या दिवशी काटा काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मी स्वयंपाकघरात येऊन उत्तरपत्रिका उघडल्या. दोन तपासून तिसरी हातात घेतली, तोच आतून आवाज आला, "अगं ए, नेतेस का?"

"आले," म्हटलं आणि कंबर धरून उठले. हाक ऐकून इतकं बरं वाटलं, आणि उठणं तितकंच जिवावर आलं.