घोड्यांच्या गेटातला मालक

हसायचं असेल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकता ऐकता आमच्या भाच्याच्या नाकातनं चहा आला, आणि बोल मला लागला. म्हणून आधीच सांगतो. फजिती माझी आहे, नाक तुमचं आहे.

तर आमचा संदीप तिकडं बंगळुरात नोकरीला. त्याची कंपनी त्याला तळवड्याला पाठवायला तयार झाली. जायचं की नाही ते महिनाअखेरीला कळवायचं होतं. संदीप तर मनानं कधीच गाडीत बसला होता. पण सूनबाई, मेघना, अडून राहिली. आणि तिचंही खरं होतं. आमची नात ओवी एकदा शाळेतनं लवकर घरी आली, घराला कुलूप. सहा वर्षांची पोर सगळी दुपार जिन्यात बसून राहिली. शेजारची माणसं तिला ओलांडून गेली-आली, पण "बाळ, तू कुणाची?" असं एकानंही विचारलं नाही. ते मेघनाच्या मनात रुतून बसलेलं.

ती मला फोनवर म्हणाली, "आबा, मोशीतला फ्लॅट आम्ही मोबाईलवर बघितला. ओटा दिसला, बाथरूम दिसलं, नळसुद्धा दिसले. शेजारी कसे आहेत ते काही दिसत नाही त्यात. ते तुम्ही बघा. तुम्ही हो म्हणालात तर आम्ही येतो, आणि तुम्हालाही सोबत नेतो. नाही म्हणालात तर इथंच राहतो."

घ्या! सगळा संसार माझ्या मानेवर! आमची बायको पारू शेजारी उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्याबरोबर म्हणाली, "नीट बगा वो. पोर डोळ्याम्होरं वाढंल. तुमच्या धांदरटपणानं घालवू नका."

"मी धांदरट?"

"न्हाई, मीच," ती म्हणाली आणि म्हशीला पेंड घालायला गेली.

आता बघा, मी शाळेची पायरी चढलेलो नाही. पण लेकींसाठी स्थळ बघावं तर ते मीच. चाकणच्या अलीकडच्या आमच्या गावातनं कुणाची मुलगी द्यायची असली की मला सोबत नेतात. माझी रीत साधी. घर बघायचं नाही. पाहुणे येणार म्हटल्यावर घराला चुना कुणीही फासतो. गावाच्या पारावर जाऊन गप्प बसायचं. आपण काही विचारायचं नाही. अनोळखी म्हाताऱ्याला कोण राम राम घालतं, कोण पाणी देतं, कोण कुणावर खेकसतं, हे बघत राहायचं. थोडे दिवस बसलं की गाव आपोआप उघडं पडतं.

सोसायटीचं नाव इंग्रजी होतं, लांबलचक. मला मराठी वाचता येत नाही, तिथं इंग्रजीवर काय रुसायचं? संदीप म्हणाला, "आबा, सोपं आहे. मोशीला उतरा आणि आतल्या रस्त्याला लागा. ज्या गेटवर दोन पांढरे घोडे आहेत, तीच सोसायटी."

धारा काढल्या, धुतलेलं धोतर नेसलो, कडक टोपी घातली आणि बसनं निघालो. घोडे लगेच सापडले. हे एवढाले, पुढचे पाय वर करून उभे! गेटवर वॉचमन होता, परभणीकडचा, बालाजी नावाचा.

"कोणाकडं जायलाव, बाबा?"

"कुणाकडं न्हाई. सोसायटी कशी हाय ते बगाया आलोय. बसू का हितं?"

त्यानं मला खालून वर बघितलं. धोतर, टोपी, काठी. मी बागेच्या कडेला टेकलो. आता शेतकऱ्याच्या हाताला माती लागली की तो गप्प बसतो का? मी चिमूटभर उकरली, चुरली, हुंगली. काळीभोर!

मी आपला सहज म्हणालो, "झ्याक जमीन हाय. हितं हरभरा लई भारी यायचा."

झालं! एवढंच बोललो बघा. बालाजी ताडकन उभा राहिला, मला सलाम ठोकला आणि स्वतःची खुर्ची उचलून माझ्याकडं घेऊन आला. "बसा ना मालक! खाली काहून बसलाव?"

मी मनात म्हटलं, वा! वॉचमन असा, तर मालक कसे असतील!

त्याच्या डोक्यात काय शिजलं, ते मला फार उशिरा कळलं. मोशी-चिखलीकडं असे टॉवर उभे आहेत ते कुणाच्या ना कुणाच्या शेतातच. त्या सोसायटीत अशी कुजबुज होती, की बागेच्या जागेचा सातबारा अजून मूळ शेतकऱ्याच्याच नावावर आहे आणि तो कधीतरी येऊन हक्क सांगणार. त्या शेतकऱ्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. मग काय? काठी टेकत आलेला, माती हुंगणारा, पूर्वी इथं काय पिकायचं ते सांगणारा म्हातारा दुसरा कोण असणार?

दुसऱ्या दिवशी गेलो तर खुर्चीवर छत्री उभारलेली. तिसऱ्या दिवशी खुर्चीत उशी. पुढं पुढं तर विचारू नका! कुणी थालीपीठ आणतंय, कुणी ताक. एका बाईनं डबीभर घरचं तूप आणून दिलं. कंपनीच्या गाडीची वाट बघणारी तरणी पोरं वाकून नमस्कार करायची. एकदा पार्किंगवरनं दोघांची गचांडी धरायची वेळ आली होती. मी नुसता खोकलो. लगेच एक म्हणाला, "तुम्ही लावा हो गाडी इथं." दुसरा म्हणाला, "छे छे, तुमचाच मान." दोघंही गाड्या बाहेर लावून आले आणि जागा मोकळी ती मोकळीच!

मी बसल्या बसल्या डोळे पुसले. एवढे संस्कार आमच्या गावात राहिले नाहीत हो!

रोज संध्याकाळी संदीपचा फोन यायचा. "आबा, कसं वाटतंय?"

"सोनं हाय, सोनं! एकेक माणूस निवडून आणल्यागत."

"फ्लॅट बघितला का?"

"भिंतीला काय बगायचं? भिंती सगळीकडं उभ्याच असत्यात."

महिना संपत आला, तसे एक दिवस तिथले चेअरमन पाटणकर स्वतः आले. बँकेतनं निवृत्त झालेले, बोलायला मऊ. मला क्लबहाऊसात घेऊन गेले. आत कमिटीची चारपाच माणसं बसलेली, तुपाची बाईपण त्यांच्यात. काजू काय, सरबत काय! पाटणकरांना मात्र घाम फुटलेला.

"आबा, आता मनात ठेवू नका. तुम्हाला नक्की काय हवंय?"

बघा किती जिव्हाळा! मी म्हणालो, "मला म्हाताऱ्याला काय पायजे? माझी नात तेवढी त्या बागंत सुखानं खेळावी."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"म्हणजे, बाग नातीसाठी?"

"तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"सगळी बाग?"

"आता पोर म्हणल्यावर सगळीकडंच पळंल की वो! एका कोपऱ्यात बसतीय व्हय?"

पाटणकर खुर्चीत खचलेच. "आबा, निदान झोपाळ्याची बाजू आमच्या मुलांना सोडा!"

मला वाटलं, किती हळवा माणूस! मी म्हटलं, "आवो, तुमची पोरं आली तर ती न्हाई म्हणणार हाय का? गुणाची हाय. फार तर माझ्या पोराशी बोला. येव्हार समदा त्योच बगतो."

त्यांनी माझ्याच मोबाईलवरनं संदीपला फोन लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"नमस्कार. तुमच्या वडिलांनी बागेच्या जमिनीवर हक्क सांगितलाय. त्यात आपण काही मधला मार्ग..."

"कुठली जमीन?" संदीप ओरडला. "आम्ही फ्लॅट बघतोय तिथं! आणि आबा, तुम्ही आहात कुठं? एजंट म्हणतो, कुणी आजोबा महिनाभरात फिरकलेच नाहीत!"

"आरं, फिरकलो न्हाई म्हंजे? रोज येतोय. ह्यो काय, घोड्यांच्या गेटात!"

पाटणकरांनी कपाळाला हात लावला. "समोरच्या सोसायटीतही घोडे आहेत हो. आमचे बघून त्यांनी बसवले. त्यांचे बारके आहेत."

कमिटीतल्या एकानं काजूची बशी हळूच आपल्याकडं ओढली.

"म्हणजे तुम्ही या जमिनीचे मालक नाही?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई वो! माझ्या मालकीच्या दोन म्हशी. त्यातली बी एक पारू माझी मानत न्हाई."

"अहो, मग माझं तूप?" ती बाई कळवळून म्हणाली.

आणि तेव्हा मला सगळं एकदम उमगलं बघा. छत्री, उशी, ताक, नमस्कार. सगळी महिनाभराची माणुसकी एका सातबाऱ्याच्या भीतीनं! हातातला काजू मी खाली ठेवला. कुठल्या तोंडानं पोराला सोनं सोनं म्हणून सांगत होतो मी? आणि महिना तर सरला. समोरच्या घोड्यांपाशी बसायला दिवस कुठनं आणू?

फोनमधनं मेघनाचा आवाज आला. "आबा, ते घोड्यांचं राहू दे. महिनाभर जिथं बसलात तिथली माणसं कशी आहेत, तेवढं सांगा."

अख्खी कमिटी माझ्या तोंडाकडं बघत होती. खोटं सांगावं तर नात जिन्यात बसायची. खरं सांगावं तर येणारच नाही.

मी म्हणालो, "पोरी, माणसं भित्री हायत. माझ्याशी भिऊनच चांगली वागली. पर महिनाभर वागली. आता एकमेकांशीबी तशीच वागाया लागल्यात, सवयीनं. फुडचं मला ठाऊक न्हाई."

पलीकडं मेघना हसायला लागली. अशी हसली, की इथं तुपाची बाईपण हसली. "आबा, इथं आम्हाला कुणी भीत पण नाही आणि वागत पण नाही. त्या सोसायटीत एखादा फ्लॅट आहे का विचारा."

पाटणकरांनी माझा हातच धरला. "तिसऱ्या मजल्यावर आहे! पण एक अट. ही गोष्ट या खोलीच्या बाहेर जाता कामा नये. तुम्ही बसायला लागल्यापासून पार्किंगची एक तक्रार आलेली नाही, आबा! तुम्ही फक्त बसत राहा."

घरी येऊन पारूला सगळं सांगितलं. तिनं चुलीवरची नजर हलवली नाही. "तुमी मला बगाया आला हुता तवाबी शेजारच्याच घरात बसून पोहे खाऊन आला हुता न्हवं? माझा बा दारात तिष्ठत उभा."

"पर मिळालीस तर तूच की!"

"म्हणून म्हणते, देवाला काळजी."

आता आम्ही सगळे तिसऱ्या मजल्यावर राहतो. ओवी शाळेतनं आली की आधी तुपाच्या बाईंकडं जाते, मग बागेत, मग जमलं तर घरी. आणि मी? मी रोज सकाळी कडक टोपी घालून खुर्चीत बसतो. भाजी आणायला जायची सोय नाही, लेंग्यावर खाली उतरायची सोय नाही. मालक आहे ना मी!

परवाच्या दिवशी गेटवर एक म्हातारा आला. जुनी स्कूटर, मळकं बंडी-धोतर. बालाजीनं अडवलं, "कोणाकडं जायलाव? आधी मालकाला विचारा," आणि आणून माझ्यापुढं उभा केला. बिचाऱ्यानं हात जोडले.

"राम राम. ही जमीन तुमची का?"

बालाजी तिथंच. काय करणार? मी डोळे मिटून मान हलवली.

"आस्सं!" तो डोकं खाजवत म्हणाला. "मला आपलं वाटत हुतं, आमचीच हुती. मंग आमी कुठली इकली वो?"

मी बालाजीला चहा आणायला पिटाळलं आणि त्या म्हाताऱ्याला सगळं खरं सांगून टाकलं. हसून हसून तो खाली बसला. पोटभर हसून झाल्यावर म्हणाला, "पर पाव्हणं, तुमी हरभऱ्याचं कशावरनं सांगितलं?"

मला जरा मान ताठ करायला जागा मिळाली. "माती बगितली की रान वळकतो मी. जन्म गेला मातीत."

"हितं हरभरा? आवो, हितं निस्ता खडक हुता. कुसळ उगवत नव्हतं, म्हणून तर इकली. ही माती बिल्डरनं बागंसाठी टरकानं आणून वतलीया. चाकणकडनं."

मी खाली बघितलं. माती माझ्याकडं बघत होती.

तेव्हापासून तिच्यावर पाय ठेवताना मी जरा जपून ठेवतो. इथले मूळचे म्हणून मिरवणारे आम्ही दोघंच, आणि दोघंही चाकणकडनं आणून टाकलेले!