वन्संची जागा

लोकांना वाटतं, विमानात जेवढ्या खुर्च्या तेवढीच तिकिटं विकली जातात. मलाही वाटायचं. वन्संनी, म्हणजे आमच्या ह्यांच्या धाकट्या बहिणीनं, विमानतळावर गेटची नोकरी धरली तेव्हा कळलं की तसं काही नसतं. काही लोक ऐनवेळी येत नाहीत, म्हणून कंपनी चार तिकिटं जास्तीची विकून ठेवते. मग एखाद्या दिवशी सगळेच्या सगळे उगवतात आणि खुर्च्या कमी पडतात. त्या दिवशी कुणाला तरी समजावून मागे ठेवायचं, हे वन्संचं काम. लोभ दुसऱ्यांचा आणि बोलणी खायची आपण. मी असते तर आठवडाभरात घरी बसले असते.

त्यांनी मात्र अख्खी नोकरी त्या गेटवर काढली, आणि आनंदात काढली. बाकीचे माइकवरून विचारतात, कुणी थांबायला तयार आहे का, आणि सगळे प्रवासी एकदम आपापले बूट बघायला लागतात. वन्सं माइकला हात लावायच्या नाहीत. काउंटर सोडून बाहेर यायच्या आणि बाकांमधून हिंडायच्या. फोनवर सारखं "निघतोय, निघतोय" म्हणणाऱ्याच्या वाटेला जायच्या नाहीत. पाय लांब करून पुस्तक वाचणारा, रांग लागली तरी कॉफी सावकाश पिणारा, असा कुणी हेरायचा, त्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि विचारायचं, घरी कोण वाट बघतंय? कुणी नाही म्हणाला की अर्धं काम झालं. एकदा एक गृहस्थ म्हणाले, सासुरवाडीला चाललोय, दोन दिवस थांबवलंत तरी चालेल. वन्संनी हे जेवताना सांगितलं आणि आमच्या ह्यांना हसता हसता ठसका लागला. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं, ते मी ह्यांना नंतर नीट विचारलं.

वन्संनी लग्न केलं नाही. आमच्या दोन खोल्यांत खिडकीखालचा पलंग त्यांचा. मी दिवसभर कापडाच्या दुकानात उभी, त्यामुळे माझी लेक वाढली ती त्यांच्या हाताखाली. पहाटेची पाळी संपवून यायच्या, सुजलेले पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडायच्या आणि तशाच बसून पोरीची दुपारच्या शाळेची वेणी घालायच्या. पोरीला ताप चढला की ती आई म्हणून कण्हायची नाही, आत्या म्हणून कण्हायची. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण पोर सुखात होती, मग मी कुणाशी भांडणार.

ती लेक लग्न होऊन लांब गेली, विमानाशिवाय जाता येत नाही इतकी लांब. गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. मी बाळंतपणाला जाऊन आले. वन्संना मात्र नातीचं तोंड काही दिसेना, आणि त्याला कारण त्यांचा स्टाफचा पास. पासावर विमानात फुकट बसता येतं, पण खुर्ची उरली तरच. पहिल्यांदा त्या गेटवरूनच परत आल्या. दुसऱ्यांदा खुर्चीत बसून पट्टासुद्धा बांधला होता, तेवढ्यात एक प्रवासी धापा टाकत आला आणि वन्संना उतरवलं. तिसऱ्यांदा तर चक्क जागा मिळाली होती, पण कुणा विद्यार्थ्याची परीक्षा बुडते म्हणून आपण होऊन उठल्या. दरवेळी बॅग घेऊन दारात उभ्या आणि वर हसून, "माझं काय वहिनी, मी उद्या जाईन." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तिकडे लेक रडकुंडीला आलेली. पोर पालथी पडायला लागली, रांगायला लागली, आता धरून उभी राहते, आणि आत्यानं त्यातलं काहीच बघितलं नाही.

म्हणून वन्सं निवृत्त झाल्या तशी मी आम्हा दोघींची तिकिटं काढली. पासबीस काही नाही, विकतची, पक्की. वन्सं म्हणाल्या, कशाला उगाच. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

विमानतळावर गेल्याबरोबर त्यांनी रांग सरळ करायला सुरुवात केली. पुढच्या माणसाला ओळखपत्र हातात ठेवायला सांगितलं, मागच्याची बॅग कडेला घेतली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, खिडकी हवी का? तर म्हणतात, मधली चालेल, खिडकी दुसऱ्या कुणाला द्या. मी कोपरानं ढोसलं आणि खिडकी मागून घेतली. मधली मी घेतली.

गेटवर जाऊन बसलो आणि तिथे घोळ झाला. आधीच तिकिटं जास्त विकलेली, त्यात विमान बिघडलं म्हणून लहान विमान लावलं. गेटवर वन्संच्या हाताखाली शिकलेलीच मुलगी होती. बिचारी बाकांमधून हिंडली, शेजारी बसली, एकेकाला समजावलं आणि सगळी मोट जवळजवळ बांधली. फक्त एक खुर्ची कमी पडली. आणि ती नेमकी एका आजींची.

त्यांच्याबरोबर आजोबा होते. त्यांना जागा मिळाली होती, आजींना नाही. आजोबांचं विस्मरण इतकं वाढलेलं की दर दोन मिनिटांनी विचारायचे, आपण कुठे चाललोय? आजी दरवेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगायच्या, घरी. त्या मुलीला म्हणत होत्या, ह्यांना एकटं पाठवता येत नाही, आणि परक्या खोलीत ठेवलं तर रात्रभर दार शोधत फिरतात. आवाज चढवला नव्हता त्यांनी, पण आजोबांची बाही सोडत नव्हत्या.

मुलीनं वन्संकडे बघितलं. मी खालमानेनं वन्संच्या हाताकडे बघितलं, तर बोर्डिंग पास पर्समधून अर्धा बाहेर आलेला. मी त्यांचं मनगट धरलं.

"वन्सं, खाली बसा."

"अहो वहिनी, त्यांच्याकडे बघवत नाही. माझं काय, मी उद्या..."

"तुम्ही आज जाणार. मी उठते."

वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, नात तुमची आहे."

"तिची आई तुम्ही वाढवलीत," मी म्हटलं. "मी बघून आलेय तिला. आता तुम्ही बघा."

आयुष्यात हे मी त्यांना कधी बोलले नव्हते. बोलायला हवं होतं की नको, देव जाणे, पण बोलून गेले आणि मलाच रडू आलं. मग मी रागावल्यासारखं करून काउंटरवर गेले आणि माझा पास त्या मुलीच्या हातात ठेवला. तिनं मला दुसऱ्या दिवशी सकाळची जागा लिहून दिली, आणि काही विचारायच्या आतच जेवणाचं कुपनही. आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. आजोबांनी विचारलं, आपण कुठे चाललोय? ह्यावेळी वन्संनीच सांगितलं, घरी.

मी बॅग ओढत परत आले. ह्यांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं आणि म्हणाले, आता तूसुद्धा? मी त्यांच्याशी बोललेच नाही. चहा मात्र त्यांनी बरा केला होता.

संध्याकाळी वन्संना फोन लावला. पोचल्या का, नीट गेल्या का, वगैरे झालं. मग मी विचारलं, खिडकीतून काय काय दिसलं? तर म्हणतात, तुम्ही जेवलात का? खनपटीला बसले तेव्हा कुठे बोलल्या. तुमच्या जागेवर आजी आल्या, आजोबा बिचारे लांब मागे, मग मी माझी खिडकी आजोबांना दिली आणि त्यांच्या जागेवर गेले. आजोबांची जागा कुठे? शेवटच्या रांगेत, शौचालयाला लागून. मी असा आवाज चढवला की आमचे हे आतल्या खोलीतून बाहेर आले.

"हळू बोला, वहिनी," वन्सं कुजबुजल्या. "ती मांडीवर झोपलीय."

मागून लेकीचा आवाज ऐकू येत होता. आत्या, किती वेळ झाला, पाय अवघडतील, दे तिला इकडे, पाळण्यात ठेवते. ऊठ आणि जेवून घे.

"मी नाही उठायची," वन्सं म्हणाल्या.

"नका उठू," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.