गोपिकेचा अंबाडा

आमच्या गल्लीत कोणाले शिंक आली तर तो रुमाल नंतर शोधते, आधी माझी बायको ओट्यावर आहे का ते पाहते. गोपिका नाव तिचं. डिग्री नाही, दवाखाना नाही, पण ओट्यावर उभ्या उभ्या पेशंट तपासते. गुडघा दुखून राहिला? एरंडाचं पान बांध. पित्त झालं? धने भिजव. अन् कशानंच नाही भागलं तर तिचा शेवटचा निकाल ठरलेला: "तुमचं पोट साफ होत नाही." एकदा बँकेच्या मॅनेजरलेही तिनं हेच सांगितलं, भर लाइनीत उभी राहून, मोठ्यानं. तो बिचारा लालबुंद झाला. पण पुढच्या खेपेले त्यानंच मले बाजूले घेतलं अन् विचारलं, "काका, तो हिरडा जेवणाआधी घ्यायचा की नंतर?"

मी बाबूलाल. शहर बसमध्ये कंडक्टर होतो, आता रिटायर. जन्मभर "पुढं सरका, पुढं सरका" ओरडलो, त्याच्यानं माझं तोंड आता बंदच होत नाही, असं बायको म्हणते. म्हणू द्या. घरात आम्ही दोघंच. पोरगी दामिनी पुण्याले असते, मोबाइलवर दिसते.

तर अशा या आमच्या डॉक्टरीणबाईचा यंदा एप्रिलात उजवा खांदा धरला.

दुसऱ्या कोणाचा धरला असता तर तिनं पोटावर ढकललं असतं. स्वतःचा धरला तर दोष कोणाचा? माझ्या कूलरचा. "रात्रभर थंडी हवा अंगावर घेऊन धरला," म्हणे. मी म्हटलं, "अवं, कूलर काय तुह्या एकटीवर हवा फेकते? माझा खांदा काहून नाही धरला मग?"

"तुमचे खांदे कधी काही उचलतात का, धराले?"

पंधरा दिवस तिनं तेल चोळलं, शेक घेतला, ओव्याची पुरचुंडी बांधली. हात काही वर जाईना. शेवटी दामिनीनं फोनवरून दम दिला तेव्हा कुठं ती सीताबर्डीच्या एका हाडाच्या डॉक्टरकडं यायले तयार झाली. त्या पोरसवदा डॉक्टरनं हात थोडा वर केला, तर बाईनं अशी किंकाळी फोडली की बाहेरचे दोन पेशंट उठून उभे राहिले. "फ्रोजन शोल्डर आहे," तो म्हणाला. "खांदा गोठला समजा. भिंतीवर बोटं चालवायची, रोज थोडी वर, थोडी वर. येईल हळूहळू, पण काही महिने लागतील."

बाहेर पंचेचाळीस डिग्री. रस्त्यावरचं डांबर चपलेले चिकटून राहिलं होतं. अन् आमच्या घरचा खांदा गोठला! मले हसू आवरेना. घरी येईपर्यंत गोपिका माझ्याशी बोलली नाही. आल्यावर मात्र दार लावून घेतलं अन् मले शपथ घातली, "कोणाले सांगाल तर पाहा."

लपवायचं काय होतं याच्यात, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण साऱ्या गल्लीले औषध सांगणारीचाच हात वर जात नाही म्हटल्यावर दुकान बसलंच ना तिचं! अन् दुकानापेक्षा मोठी भानगड होती ती अंबाड्याची.

गोपिकेचा अंबाडा म्हणजे काय हे आमच्या गल्लीत विचारा. केस अजूनही कमरेपर्यंत, दाट. पहाटे उठली की चहाच्या आधी अंबाडा. गोल, घट्ट, बरोब्बर मधोमध. एवढ्या वर्षांच्या संसारात मोकळ्या केसांनी दाराबाहेर पाय टाकताना मी तिले पाहिलं नाही. आजारपणात नाही, भांडणात नाही. अन् आता डावा हात एकटा काय करणार? पोरींचा तो प्लास्टिकचा चिमटा कसाबसा अडकवायची, वरून पदर घ्यायची अन् घरात बसून राहायची. ओट्यावर येणं बंद. शेजारची यमुताई आनंदानं केस विंचरून देती, पण यमुताईले एक गोष्ट सांगणं म्हणजे चौकात भोंगा लावणं. गल्लीले वाटलं, बाई उन्हाच्यानं बाहेर निघत नाही.

अशात उमरेडहून फोन आला. गोपिकेच्या बहिणीची, शोभाताईची पोरगी अपेक्षा. सातवा महिना लागला होता, ओटीभरणाचा दिवस ठरला. ही अपेक्षा कॉलेजची तीन वर्षं आमच्याच घरी राहिली. रोज सकाळी मावशीपुढं पाटावर बसायची, अन् मावशी तिची वेणी घालता घालता तिले सारं जग शिकवायची. फोनवर ती म्हणे, "मावशी, पहिली ओटी तूच भरायची. तू नाही आली तर मी पाटावर बसतच नाही, सांगून ठेवतो."

"ऊन लय आहे वं," गोपिका म्हणाली, "नाही जमत मले या वक्ती." फोन ठेवला अन् गवार निवडायले बसली. निवडलेली गवार पुन्हा निवडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायले उठलो तर ही आरशापुढं. तोंडात आकडे, डाव्या हातात फणी, उजवं कोपर भिंतीले टेकवून वर सरकवून राहिली. केसांचा पेड अर्ध्यावर जायचा अन् सुटायचा. पुन्हा गोळा करायची, पुन्हा सुटायचा. मग तिनं फणी मांडीवर ठेवली अन् रडायले लागली. आवाज नाही, काही नाही. मायबाप गेले तेव्हा साऱ्यांले धरून बसलेली बाई ही. मले लय वाईट वाटलं.

मी म्हटलं, "मी घालून देतो."

तिनं रडता रडता वर पाहिलं अन् फिस्सकन हसली. "तुम्ही? तुम्हाले पायजम्याची नाडी धड बांधता येत नाही."

"अवं, कोष्ट्याचा पोरगा आहे मी. बापाच्या मागावर तुटलेले धागे जोडत मोठा झालो. केस म्हणजे काय, धागेच."

"धाग्याले दुखत नाही," ती म्हणाली. पण फणी माझ्या हातात दिली.

पहिला दिवस विचारू नका. मी फणी वरून घातली अन् बसची घंटी ओढावी तशी ओढली. "अयाई गं!" करून तिनं मान वळवली, तर अर्धे केस माझ्या हातात, अर्धे तिच्या तोंडावर. "खालून विंचरा, खालून! गुंता आधी सोडवा. अन् विचारत जा मधून मधून, दुखून राहिलं का म्हणून." माझा पहिला अंबाडा डाव्या कानावर बसला. दुसरा मानेत उतरला. तिसरा बरा होता, पण ती शिंकली अन् तो गेला.

तेव्हा मी ठरवलं, प्रॅक्टिस पाहिजे. कपाटाच्या तळाले तिचं जुनं गंगावन होतं, ती केसात जोडायची नकली वेणी. दुपारी ती झोपली की मी गॅलरीत जायचो, ते गंगावन खिडकीच्या गजाले बांधायचो अन् बसायचो विंचरत. दुपार म्हणजे कशी? रस्त्यावर कुत्रं नाही. मी नुसत्या बनियनवर, घामानं थबथबलेला, अन् सवय लागावी म्हणून त्या गंगावनाले प्रेमानं विचारून राहिलो, "दुखून तर नाही राहिलं ना वं?"

समोरच्या गच्चीवर यमुताई पापड उचलायले आली होती.

संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीत झालं, बाबूलालभाऊले ऊन लागलं, डोक्यात गेलं. यमुताई धावत आली आमच्याकडं. मी आतल्या खोलीत होतो, सारं ऐकू येत होतं. मले वाटलं, आता गोपिका सांगते खरं काय ते. बाप्पा! ती काय म्हणाली माहीत आहे?

"हो ना वं यमुताई. तुले सांगून काय उपयोग! चार दिवसांपासून असंच करून राहिले. कोणाले बोलू नको."

स्वतःचा खांदा झाकायले नवऱ्याचं डोकं विकलं बाईनं! मी तणतणलो तर पदरात तोंड लपवून हसत होती. "तुमच्या डोक्याचं काय एवढं," म्हणे, "गल्लीले आधीपासूनच शंका होती."

मग सुरू झाली रांग. कोणी कैरीचं पन्हं आणलं, कोणी कांदे. माझ्या दोन्ही खिशांत कांदे, तळपायाले किसलेला कांदा, डोक्यावर ओला दुपट्टा. समोरचा वसंत, ज्याच्याशी माझं पार्किंगवरून वर्षभर बोलणं नव्हतं, तो येऊन माझा हात हातात घेऊन बसला. "मले ओळखलं का गा?" म्हणे. ओळखलं नाही असं सांगायची लय इच्छा झाली होती. यमुताई तर रोज विचारायची, "आज कसे आहेत भाऊजी?" अन् गोपिका सुस्कारा टाकून सांगायची, "पोट साफ होत नाही ना त्यांचं."

पण खरं सांगतो, त्या आठवड्यात माझा हात बसला. ओटीभरणाच्या दिवशी पहाटे गोपिका पाटावर बसली. मी खालून विंचरलं, गुंता सोडवला, पेड वळला, गुंडाळला, आकडे खोचले. जाळी लावली. तिनं छोटा आरसा मागं धरायले लावला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. पेटीतली हिरवी नऊवार नेसायले गेली तेव्हा मी समजलो, पास झालो.

उमरेडच्या एसटीत मी साऱ्या रस्त्यानं तिच्या मानेकडंच पाहून राहिलो. प्रत्येक खड्ड्यावर माझा जीव वर खाली. ड्रायव्हरले सांगून पाहिलं, जरा सांभाळून घ्या, सोबत नाजूक माल आहे. तो पिशवीकडं पाहायले लागला.

अपेक्षा दारातच उभी होती. मावशीले पाहिलं अन् गळ्यात पडली ती सुटेचना. मी आपला मागून ओरडून राहिलो, "केस सांभाळ, केस सांभाळ." पहिली ओटी गोपिकेनं भरली. उजवा हात कमरेपर्यंत छान चालत होता, कोणाले काही समजलं नाही. पाटावर बसलेल्या त्या पोरीकडं ती अशी पाहत होती की मी दुसरीकडं पाहायले लागलो. ही इथं आली नसती तर दोघींनीही जन्मभर मनात ठेवलं असतं.

जेवणाच्या पंगतीत एक बाई म्हणाली, "गोपिकाताई, अंबाडा काय सुंदर घातला वं! पार्लरमधून का?"

"हो," गोपिका म्हणाली. "सीताबर्डीत आहे एक. पण लय बडबड करते मेला, डोकं उठवते."

मी समोरच बसलो होतो. वड्याचा घास घशातच अडकला. तिनं पाण्याचा गिलास माझ्याकडं सरकवला, अन् चेहरा असा की जसं काही झालंच नाही. परतीच्या गाडीत मी फुगून बसलो. बुटीबोरीचे दिवे डावीकडं लांबवर दिसायले लागले तेव्हा ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "सैल नाही झाला दिवसभर." एवढंच. मले तेवढ्यानं पुरलं.

मग पाऊसपाणी झालं. कूलर पोत्यात बांधून माळ्यावर गेला. मी उन्हातून बरा झालो असं गोपिकेनं जाहीर करून टाकलं, वसंतनं पुन्हा बोलणं बंद केलं. सकाळचा अंबाडा माझ्याकडंच होता. चहा तिचा, अंबाडा माझा. त्या वेळी ती कोणाचं काय दुखून राहिलं ते सांगायची अन् मी ऐकायचो.

भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम ती स्वयंपाकघरात करायची, भाजी फोडणीले टाकली की तेवढ्यात. हाताले हळद असायची. त्याच्यानं भिंतीवर पिवळी बोटं उमटली होती. मे महिन्यातली मिठाच्या डब्याजवळ. मग खिडकीच्या काठाशी. मग कॅलेंडरच्या खालच्या कोपऱ्यापाशी. एक दिवस मी डबा काढायले गेलो तर ताजी हळद कॅलेंडरच्या खिळ्याच्याही वर होती. मी उभा राहून ती बोटं पाहत बसलो. चांगलीच गोष्ट होती. मले आनंद व्हायले पाहिजे होता. पण मनात आलं, झालं, उद्यापासून आपली ड्युटी संपली. पुन्हा रिटायर. पोटदुखीचं निमित्त करून लवकर झोपलो.

सकाळी उठलो तर पाट मांडलेला. फणी, तेल, आकडे बाजूले. ती बसलेली. मी गुपचूप मागं स्टूल घेतलं अन् विंचरायले लागलो.

तेवढ्यात यमुताई आली, भाजीची वाटी घेऊन, दार उघडंच होतं म्हणून सरळ आत. पाहते तर काय, गोपिकेचे कमरेपर्यंत मोकळे केस माझ्या हातात. वाटी तिच्या हातात तशीच राहिली. मले वाटलं, आता गोपिका उठते, पदर घेते अन् पुन्हा मलेच काहीतरी रोग लावते.

"हे काय वं गोपिकाताई?" यमुताई म्हणाली. "हाताले काही झालं का तुह्या?"

गोपिकेनं उजवा हात उचलला. सरळ वर, डोक्याच्याही वर. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. "हाताले? हाताले काय धाड भरली? ठणठणीत आहे." मग तो हात खाली आणला, मांडीवर ठेवला, अन् मान सरळ करून बसली. "घट्ट घालजा जरा," मले म्हणे, "कालचा सैल होता."

यमुताई माझ्या तोंडाकडं पाहून राहिली. मलेही लय काही बोलायचं होतं, पण दातात आकडे धरले होते.