द्वारकाबाई घरी नव्हत्या तो पाण्याचा दिवस

गारखेड्यातल्या त्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. घर बांधल्याला एकोणीस वर्षं झाली, पण पाण्याच्या दिवशी द्वारकाबाई बाहेरगावी राहिल्या असं एकदाही घडलं नव्हतं. फुलंब्रीला सख्ख्या भाच्याचं लग्न होतं, तेव्हाही अक्षता टाकल्या आणि न जेवता एसटी धरली. दुसऱ्या दिवशी नळ होता.

वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं पॅकिंगला काढली. खोक्यात एक बाटली कमी असली तरी उचलताच हाताला कळायचं, खोकं बाजूला व्हायचं. घरी मात्र दोन नग असे निघाले की परत कुठं पाठवायचे हेच कळेना. थोरला ऋतुराज सव्वीस वर्षांचा, शेंद्र्याच्या कंपनीत मेंटेनन्सचा इंजिनिअर. तिथं त्याच्या हाताखाली अकरा पंप. घरी हाताखाली फक्त मोबाईल. धाकटी तनुजा कॉलेजात. कामाची हाक तिला तिसऱ्या वेळी ऐकू यायची, जेवणाची पहिल्याच वेळी. आणि नवरा सांडूभाऊ. ते कुठल्याही कामाबद्दल आधी बोलत. बोलून झालं की काम झालं असं धरत.

वैजापूरहून धाकट्या बहिणीचा, मालनबाईचा फोन आला. "अक्का, रिटायर होऊन वर्ष झालं. आता तरी चार दिवस ये."

द्वारकाबाईंनी दिवस मोजले. मधे शनिवारी नळ येत होता. तरी त्या हो म्हणाल्या. आपल्यामागं घरानं एक पाणी भरलं, तर पुढंही कुठं जाता येईल. नाही भरलं, तर उरलेलं आयुष्य आठ आठ दिवसांच्या दाव्यानं त्या नळाला बांधलेलं.

शुक्रवारी निघताना त्यांनी तिघांना मोटारीपुढं उभं केलं.

"आधी हौद घासा. मग नळ सोडा. हौद तळाला गेला की मोटार हवा धरती. म्हणून हा वरचा बोल्ट काढायचा, तांब्याभर पाणी ओतायचं, बोल्ट आवळायचा, मंग बटन."

हेच त्यांनी परत एकदा पहिल्यापासून सांगितलं.

"आई, मी इंजिनिअर आहे," ऋतुराज मोबाईलमधून मान न काढता म्हणाला.

"म्हणून तर दोनदा सांगितलं."

शनिवारी दुपारी त्या मालनबाईच्या ओट्यावर बसून दुसऱ्याच्या हातची गरम भाकरी खात होत्या. फोन वाजला.

"आई, मोटार जळाली," ऋतुराज.

"वास आला का जळाल्याचा?"

"वास नाही. नुसती घुं घुं करते, पाणीच ओढत नाही. मी तीन व्हिडिओ बघितले. मेकॅनिक सोमवारी येतो म्हणाला."

"हौद?"

"भरलाय. पण वरची टाकी कोरडी. बाथरूमला पाणी नाही. भीतीनं आम्ही घरातली सगळी भांडी भरून ठेवली. कुकरसुद्धा. आता स्वयंपाक कशात करायचा?"

मागून सांडूभाऊंचा आवाज आला, "तिला म्हणावं, हौद भरलाय ना, मग काळजी कशाची?"

"त्यांना बादली द्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "हौदातनं काढत्याल."



"आई, तू काहीतरी करायचीस ना मोटारीला?"

"सांगितलं व्हतं. आठव."

त्यांनी फोन ठेवला. मालनबाईनं कपाळाला हात लावला. "अगं, एका वाक्याचं काम. सांगून टाक की."

"आज सांगितलं तर दर आठ दिवसाला हितून सांगावं लागंल. मी काय फोनवरनं मोटार चालवू व्हय?"

हे बोलून त्यांनी दुसरी भाकरी घेतली खरी, पण ती उतरेना. तीन माणसं कोरड्या नळाखाली उभी आहेत हे डोळ्यांपुढून जाईना. दोनदा हात फोनकडं गेला. दोन्ही वेळा त्यांनी तो पदराला पुसला आणि परत आणला. रविवारी फोन आलाच नाही. ते जास्त वाईट होतं.

मंगळवारी दुपारी त्या घरी पोचल्या. पायसुद्धा न धुता आधी गच्चीवर गेल्या. टाकी भरलेली होती. झाकण उघडंच. त्यांनी झाकण लावलं आणि खाली आल्या.

"एअर होती," ऋतुराज सोफ्यावरून म्हणाला. "काढली."

"मी पहिल्याच दिवशी म्हणलो होतो, हवा असंल," सांडूभाऊ म्हणाले.

तनुजा कुकर, कढया, डबे घासून पालथे घालत होती.

द्वारकाबाई मोटारीपाशी गेल्या. काठ चेपलेला त्यांचा तांब्या जागेवर होता, गळ्यापर्यंत भरलेला. पुढच्या वेळी ओतायला पाणी शोधावं लागू नये म्हणून त्या तो असाच भरून ठेवत. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"हा कोणी भरला?"

"परत मीच भरला," तनुजा म्हणाली. "रविवारी चहाला भांडंच उरलं नव्हतं. हा उचलला तर भरलेला. मोटारीजवळ कुणी भरला तांब्या कशाला ठेवील? मग तुझं बोलणं आठवलं. बोल्ट दादानं काढला."

"पान्यानं," ऋतुराजनं भर घातली.

द्वारकाबाईंनी लेकीकडं बघितलं. शाबासकी त्यांच्या तोंडात कधी तयार नसायची. आणि ही दोन-तीन वर्षांत नोकरीला नाहीतर सासरी जाणार. तिच्या जिवावर निर्धास्त व्हायचं, तर दावं सुटलं नव्हतं, नुसतं लेकीच्या गळ्यात गेलं होतं.

त्यांनी तांब्या उचलला, दारातल्या जास्वंदीला ओतला आणि रिकामा तांब्या सोफ्यावर बसलेल्या ऋतुराजच्या हातात दिला.

"पुढच्या पाण्याला मी फुलंब्रीला असंन. तनुजा माझ्यासंगं येतीय."

"मग इथं कोण?"

"इंजिनिअर हाय की. आन् बोलायला तुझे बाबा हायेत."

त्यांनी पिशवी न उघडता खुंटीला अडकवली. फुलंब्रीला नाहीतरी तेच कपडे चालणार होते.