डक्टच्या पत्र्याची हॉट रॉड

अबूधाबीकडच्या रुवैसमध्ये अकरा वर्षं काढली की माणसाकडे दोन गोष्टी साचतात. खोक्यांत भरलेलं सामान आणि किस्से. सामान कंटेनरने घरी येतं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत नातेवाइकांत वाटून संपतं. किस्से संपत नाहीत. मोहितेचा फोन येतो, "अरे, तो सेफ्टीवाला आठवतो का," एवढंच तो म्हणतो, आणि अर्ध्या तासाने माझी बायको सुनीता आतून येऊन विचारते, कुणाशी भांडतोयस?

भांडत नसतो. किस्सा सांगत असतो. लोक जुने किस्से सांगताना हसतात. मला राग येतो, आणि दर वर्षी थोडा जास्तच येतो.

सगळे किस्से एकाच गाडीचे आहेत, म्हणून आधी गाडी सांगतो.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. रिफायनरीत मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. मोहिते फॅब्रिकेशनमध्ये, पिंपरीचा, बोलणं कमी आणि वेल्डिंग देखणं. फ्रान्सिस वसईचा, कॉलनीच्या क्लबात कॅटरिंग सुपरवायझर. दिवसभर बो लावून पाहुण्यांच्या मागे उभा राहायचा, पण हात त्याचे मेकॅनिकचे. कुणीतरी क्लबात टाकून दिलेल्या एका अमेरिकन मासिकात त्याने हॉट रॉडचा फोटो पाहिला. म्हणजे जुन्या गाडीचं बॉनेट काढून इंजिन उघडं ठेवायचं, मागे जाड टायर, पुढे बारीक, आणि रंग असा की बघणाऱ्याने थांबलंच पाहिजे. फ्रान्सिसने ते पान आमच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "ही आपण करायची."

शारजाच्या भंगारातून एका जुन्या पिकअपची चेसिस आणि आठ सिलिंडरचं इंजिन आणलं. बॉडीसाठी पैसे नव्हते. त्याच सुमाराला कॉलनीच्या एसीचे जुने डक्ट काढून टाकले होते, तो पत्रा रीतसर परवानगी घेऊन उचलला. सुट्टीचा वार शुक्रवार, असे दीड वर्षाचे शुक्रवार गेले. मग एका शुक्रवारी कॉलनीमागच्या खारवट, कडक जमिनीवर ती पळाली. तिघंही लहान मुलांसारखे ओरडलो.

दुसऱ्या दिवशी साठेसाहेब बघायला आले. साठेसाहेब म्हणजे माझे सेक्शन हेड. कुणाचाही अपमान करायचा तो हसून, पाठीवर हात ठेवून. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मिलिंद, एसीच्या डक्टला चाकं लावलीत की रे."

खोटं नव्हतं, म्हणूनच झोंबलं. त्या संध्याकाळी ठरलं, प्रत्येकी महिन्याला शंभर दिरहम काढायचे, म्हणजे जवळजवळ हजार रुपये, आणि तेवढ्या पैशांत ही गाडी देखणी करायची.

*

सुरुवात रंगापासून. मुसफ्फाच्या गॅरेजवाल्यांकडून चेरी रेड आणला, कंप्रेसर उसना घेतला. मोहितेचं म्हणणं होतं की शेडमध्येच मारू. फ्रान्सिस म्हणे आत वास कोंडतो, बाहेर मारू. मी आदल्या दिवशी रेडिओवर ऐकलं होतं की उत्तरेचा वारा सुटणार आहे, आणि तसं दोघांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं.

"इन्शाल्ला, दुपारपर्यंत काही होत नाही," फ्रान्सिस म्हणाला.

अकरा वाजता शेवटचा हात मारून झाला. गाडी अशी चमकत होती की मोहिते आपणहून दोन वाक्यं बोलला. वीस मिनिटांनी वारा सुटला. ओल्या रंगावर काही झाकता येत नाही, म्हणून आम्ही घरातल्या चादरी आणल्या आणि तिघं तीन बाजूंनी धरून भिंतीसारखे उभे राहिलो. वाळू वरून आली. दीड तास आम्ही हात वर करून उभे होतो, आणि मी सबंध दीड तास फ्रान्सिसला काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

वारा पडला. मोहितेने चादर खाली ठेवली, दारावर एक नख घासलं आणि निरखून पाहिलं.

"नखं छान होतात," म्हणाला.

पुढचे तीन शुक्रवार आम्ही वॉटर पेपरने ती वाळू घासून काढली. चौथ्या शुक्रवारी फ्रान्सिसने माफी म्हणून घरून बिर्याणी करून आणली. मी ती दोनदा वाढून घेतली आणि रागातच खाल्ली.

*

ह्या किश्श्यात चिडायचा हक्क मला नाही, तरी सांगतो.

मासिकातल्या गाडीच्या चाकांवर गोल, गुळगुळीत, आरशासारख्या चकत्या होत्या. तशा दुबईत मिळायच्या, पण चारांच्या किमतीत आमची चार महिन्यांची वर्गणी गेली असती. एके दिवशी जेवताना माझं लक्ष ताटाकडे गेलं. स्टीलचं, जाड, काठाला मऊ गोलाई. माप घेतलं, तर चाकावर तंतोतंत.

सुनीता भारतात गेली होती. घरात तशी सहा ताटं होती. मी चार घेतली, मधोमध भोक पाडलं, उपडी लावली आणि पॉलिश केली. फ्रान्सिसने तर माझ्या पाठीवर थाप मारली.

सुनीता परत आली त्या आठवड्यात मी मोठ्या कौतुकाने तिला आणि आमच्या केतकीला गाडी दाखवायला नेलं. केतकी तेव्हा सात वर्षांची, शाळा इंग्रजी, आम्ही मराठीत काहीही विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. मराठी वाचायला तर तिला धरून बसवावं लागे. ती चाकाशी वाकली, बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडून आपणहून वाचलं, "सु-नी-ता-स. मा-मा-कडून." मग वर बघून म्हणाली, "ममा, युवर नेम इज ऑन द व्हील."

लग्नातली ताटं. मागच्या काठावर नाव कोरलेलं. पॉलिश करताना मला ते नुसते ओरखडे वाटले होते.

सुनीता ओरडली नाही. तिने चारही चाकांपाशी जाऊन चारही ठिकाणी आपलं नाव वाचलं. मग म्हणाली, "मामाने ती जेवायला दिली होती."

उरलेल्या दोन ताटांत पुढचा महिनाभर ती आणि केतकी जेवल्या. मला प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढलं जायचं.

*

आता सेफ्टीवाला.

हॉट रॉडच्या बाजूला ज्वाळा काढतात. इंजिनाकडून निघून मागे सरकणाऱ्या, पिवळ्या-केशरी. आम्हाला कलाकार परवडत नव्हता. दुकानांचे बोर्ड रंगवणारा एक केरळचा पेंटर होता, त्याने दोन शुक्रवारांत काढून दिल्या, आणि इतक्या सुंदर की कॉलनीतले लोक बायकामुलांना घेऊन फोटो काढायला यायला लागले.

आठव्या दिवशी सेफ्टी डिपार्टमेंटचं पत्र आलं. रिफायनरीच्या वसाहतीत आगीचं चित्र असलेलं वाहन ठेवणं अयोग्य आहे, चुकीचा संदेश जातो. मला वाटलं कुणीतरी गंमत केली. सेफ्टी ऑफिसरला भेटायला गेलो. सभ्य माणूस, चहा दिला आणि शांतपणे समजावलं की तेलाच्या गावात ज्वाळा ही थट्टेची वस्तू नाही.

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. तिथे रिफायनरीचा जादा गॅस जाळणारी फ्लेअर जळत होती, दिवसरात्र जळायची, कित्येक मैलांवरून दिसायची. तो म्हणाला, "ती ऑथराइज्ड आहे."

तीन दिवस मी ऑफिसात कुणाशी धड बोललो नाही. शेवटी मोहितेने तोडगा काढला. ज्वाळांवर निळा रंग मारायचा आणि कडेला पांढरी रेघ. झाल्या समुद्राच्या लाटा. आकार तोच, कुणाला कळणारही नाही. पेंटरला पुन्हा बोलावलं, रंग मारला आणि तपासणीसाठी सेफ्टी ऑफिसरला घेऊन आलो. त्याने वाकून एकेक लाट पाहिली.

"पण," तो म्हणाला, "निळी ज्वाळा जास्त गरम असते."

मोहितेने हातातला ब्रश तिथेच टाकला आणि घरी निघून गेला.

*

लाटा शेवटी पास झाल्या. मग कंपनीचे कुणी मोठे पाहुणे यायचे ठरले, आणि साठेसाहेबांचा हुकूम आला की ते भंगार दिसता कामा नये. आम्ही आमची गाडी स्वतःच्या हातांनी ढकलत जनरेटर रूमच्या मागे नेली आणि वर ताडपत्री टाकली.

पाहुण्यांमध्ये एक वयस्कर अमिराती गृहस्थ होते, जुन्या गाड्यांचे शौकीन. ताडपत्रीखालून बाहेर आलेला मागचा टायर त्यांनी लांबून पाहिला आणि थेट तिकडे चालायला लागले. मागे सगळे धावले. ताडपत्री निघाली. ते गाडीभोवती दोनदा फिरले, दारावरून हात फिरवला आणि विचारलं, हे कुणी केलं?

आम्ही तिघं दहा पावलांवर उभे होतो. साठेसाहेबांनी पुढे होऊन उत्तर दिलं.

महिन्याने कंपनीच्या वार्तापत्रात फोटो आला. साठेसाहेब गाडीला टेकून उभे, पाठीमागे निळ्या लाटा. खाली ओळ होती की साठे यांच्या सेक्शनने फावल्या वेळात साकारलेला उपक्रम. फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर दिसत होतं, क्लबाच्या काळ्या कोटाच्या बाहीतलं. फ्रान्सिसचं.

फ्रान्सिसने तो अंक वसईला आईला पाठवला. कोपराभोवती पेनने गोल करून.

मी मात्र साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावलं. म्हटलं, सर, हे बरोबर नाही. त्यांनी हसत खुर्ची पुढे केली आणि विचारलं, प्रमोशनच्या यादीत तुझं नाव आहे, कळलं का? मी बसलो नाही. पण पुढे काही बोललोही नाही. राग त्यांच्यावर किती आणि स्वतःवर किती, ह्याचा हिशोब मला अजून जमलेला नाही.

*

त्यानंतर दोन वर्षांत सगळं विस्कटलं. मोहितेला फुजैराच्या बंदरावर चांगली नोकरी मिळाली, तो गेला. क्लबाचं कंत्राट बदललं आणि नव्या लोकांनी जुना स्टाफ घेतला नाही. फ्रान्सिसला कळवलं की महिनाअखेरीस व्हिसा कॅन्सल, खलास. अठरा वर्षं तो तिथे होता.

त्यातच नियम आला की रजिस्ट्रेशन नसलेली वाहनं कॉलनीत ठेवायची नाहीत. आमची गाडी रस्त्यावर आणायची परवानगी मिळण्यातली नव्हतीच. साठेसाहेबांनी माझ्यापुढे गाडी क्लबाला दिल्याचा कागद ठेवला. सही कर, आपण ती क्लबाच्या दारात चौथऱ्यावर ठेवू, शोभेला. नाहीतर क्रेन येऊन भंगारात नेईल. मी फ्रान्सिसला विचारलं. तो म्हणाला, तुला वाटेल ते कर, मी कुठे घेऊन जाणार आहे? मी सही केली. पुढे तीन वर्षं ती त्या चौथऱ्यावर उभी होती. खाऱ्या हवेने डक्टचा पत्रा खाल्ला आणि मग एक दिवस ती कुठे गेली ते कुणी मला सांगितलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते चौथऱ्याच्या उद्घाटनाचं.

संध्याकाळी पाचची वेळ. रिबन, खुर्च्या, माइक. गाडी पुसून लख्ख केलेली, आणि ती पुसली कुणी हे सांगायला नको. फ्रान्सिसचा तो नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि त्याची ड्यूटी त्याच कार्यक्रमाला लावली होती. पांढरा शर्ट, बो, हातात ज्यूसचा ट्रे. आपल्याच गाडीभोवती तो पाहुण्यांना ज्यूस देत फिरत होता. सुनीता माझ्या शेजारी बसली होती, ती खालच्या आवाजात म्हणाली, "तू उठून काहीतरी बोल." मी उठलो नाही.

साठेसाहेबांनी भाषण केलं. टीमवर्कवर. कष्टांवर. मग कात्रीने रिबन कापली, टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. तेवढ्यात ते वयस्कर अमिराती गृहस्थ, ते मुद्दाम आले होते, पुढे होऊन म्हणाले की हबीबी, हिचा आवाज ऐकवा.

साठेसाहेब हसत आत बसले. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा काही नाही. चोरी होऊ नये म्हणून फ्रान्सिसने सीटखाली एक छोटा स्विच बसवला होता. तो दाबल्याशिवाय ती गाडी जन्मात सुरू होत नसे, आणि तो कुठे आहे हे जगात तिघांना माहीत होतं. एक फुजैरात होता.

साठेसाहेबांच्या कपाळावर घाम आला. लोक कुजबुजायला लागले. त्यांनी गर्दीत नजर फिरवली, आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"मिलिंद," ते म्हणाले, "तुला माहीत असेल ना रे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. तेवढ्यात फ्रान्सिस शांतपणे चालत आला आणि माझ्या आणि गाडीच्या बरोबर मधे ट्रे धरून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने मला मिल्या सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

"साहेब," तो म्हणाला, "मँगो की ऑरेंज?"

मी ट्रेकडे पाहिलं. मग त्याच्यापलीकडे किल्ली धरून बसलेल्या साठेसाहेबांकडे.

"मँगो," म्हणालो, ग्लास घेतला, आणि खाली बसलो.